धूळ धुणाऱ्या बायका

अ‍ॅलिसन प्रेन्टिस केक घेऊन आली, तेव्हाच नेटा गॅलब्रेथच्या मनात पाल चुकचुकली. मुख्य कचेरीतलं माणूस रिकाम्या हाताने आलं तर तक्रार असते आणि केक घेऊन आलं तर काहीतरी मागायचं असतं, असा तिचा इतक्या वर्षांचा अनुभव होता.

दुकान डनकॅरीच्या मुख्य रस्त्यावर, पोस्टाच्या शेजारी. लोकांनी देऊन टाकलेले कोट, कपबश्या, कादंबऱ्या, कुणाच्या गेलेल्या मावशीचे दिवे असं काय काय तिथे विकलं जायचं आणि आलेला पैसा क्लाइडकाठ कर्करोग संशोधन निधीला जायचा. एवढं लांबलचक नाव फक्त पाटीवर. गावात सगळे नुसतं ‘निधी’ म्हणत. नेटाने सत्तरी ओलांडली होती. दुकान तीच चालवायची, बिनपगारी. हाताखालच्या बायकाही तशाच. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचा भाऊ, एकीचा तर बाप आणि सासरा दोन्ही.

“लिंबाचा आहे,” अ‍ॅलिसनने खोका गल्ल्यापाशी ठेवला. “तुम्हाला आवडतो ना?”

“आवडतो. बस, चहा टाकते. आणि काय मागायचंय ते पाणी उकळायच्या आत सांगून टाक, म्हणजे केक गोड लागेल.”

अ‍ॅलिसन हसली. बाई वाईट नव्हती. चाळिशीची, ग्लासगोहून गाडी हाकत यायची, प्रत्येकीचं नाव, प्रत्येकीचं दुखणं लक्षात ठेवायची.

“मागायचं काही नाही, आज द्यायला आलेय. प्रयोगशाळेची नवी इमारत पुरी होतेय, नेटा. धुळीच्या आजारासाठी अख्खा मजला. डॉक्टर इम्रींना नव्या औषधाची चाचणी दोन वर्षांनी घ्यायची होती, ती आता या हिवाळ्यातच सुरू होईल.”

त्या कर्करोगाला डॉक्टरांचं एक लांब नाव आहे, पण डनकॅरीत ते कुणी घेत नसे. ‘त्याला धूळ लागली’ म्हटलं की ऐकणारा मान खाली घालायचा. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ छातीत जाते, तीस-चाळीस वर्षं गप्प बसते आणि मग एक दिवस जिना चढताना माणसाला दम लागतो. त्यानंतर फार दिवस लागत नाहीत. या हिवाळ्यात चाचणी म्हणताच नेटाला आधी रीना आठवली. शेजारची रीना मॅग्लोन. वसंतात तिला दम लागायला लागला होता.

“हे तर फार चांगलं झालं,” नेटा म्हणाली आणि तिने खरोखरच अ‍ॅलिसनचा हात दाबला. “पैसा कुठून आला?”

“एक मोठे देणगीदार आहेत. उद्घाटनाला फीत तुम्ही कापायची, असं सगळ्यांच्या मनात आहे. त्यांच्या बरोबरीने.”

“ते कोण?”

अ‍ॅलिसनने खोक्याची दोरी सोडायला घेतली. “क्रॉमी समूह. इमारतीला लॉरेन्स क्रॉमींचं नाव असेल.”

किटलीतलं पाणी उकळलं आणि खटका पडला. नेटा उठली नाही.

“कोण क्रॉमी?” तिने विचारलं. जणू गावात दहा क्रॉमी होते.

“नेटा, मला कळतंय तुम्हाला काय वाटत असेल ते. पण कारखाना बंद होऊनही आता किती वर्षं झाली. म्हातारे लॉरेन्स क्रॉमी गेले, आता नातू बघतो. खिडक्या आणि कौलं बनवतात ते. त्यांना गावासाठी काहीतरी करायचंय.”

“गावासाठी त्यांनी बरंच केलंय. वरच्या दफनभूमीत जाऊन बघ, जागा उरलेली नाही.”

“पैसा पैसा असतो. औषधाला कळत नाही तो कुठून आला ते.”

“औषधाला नसेल कळत. मला कळतं.” नेटाने केकच्या खोक्याचं झाकण लावलं आणि दोरी पुन्हा नीट बांधली. “हा घेऊन जा. आणि आज चहा राहू दे.”

*

वुल गॅलब्रेथ क्रॉमीच्या कारखान्यात करवतीवर होता. अ‍ॅस्बेस्टॉसचे तक्ते कापायचे, दिवसभर. संध्याकाळी फाटकातून माणसं बाहेर पडायची ती पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. रस्त्यापलीकडे कारखान्याचा कचरा टाकायचे, त्या ढिगावर पोरं खेळायची, हातात दाबून गोळे करून एकमेकांना मारायची. बर्फ पडायची वाट कोण बघतो.

नेटा आणि रीना एकाच जिन्यावर राहायच्या. नवऱ्यांचे कामाचे कपडे मागच्या अंगणात नेऊन दोघी झटकायच्या, मग टबात भिजवायच्या, मग एकाच दोरीवर वाळत घालायच्या. झटकताना ढग उठायचा, दोघी खोकायच्या आणि हसायच्या. “आपण भुतांशी लग्नं केलीत,” असं रीना म्हणायची.

धूळ वाईट आहे हे क्रॉमींना तेव्हाच माहीत होतं. त्यांच्याच डॉक्टरने सांगितलं होतं, हे पुढे कोर्टात निघालं. वुल चोपन्नाव्या वर्षी आजारी पडला आणि त्याने दावा लावला, तेव्हा कंपनीच्या वकिलाने त्याला खुर्चीत बसवून तासन्तास तंबाखूबद्दल विचारलं. वुल नववर्षाच्या रात्री पाइप ओढायचा, वर्षातून एकदा, तोही सासऱ्याचा मान म्हणून. वकिलाने तेवढ्या पाइपवर चार दिवस काढले. निकाल लागला तेव्हा वुल नव्हता. तो गेल्यावरही कंपनीने त्याला सोडलं नाही. छाती उघडून बघितल्याशिवाय धुळीनेच मेला हे आम्ही मानणार नाही, म्हणाले. अंत्यदर्शनासाठी शवपेटी घरच्या दिवाणखान्यात यायची ती इस्पितळात अडकून पडली, आणि पाहुणे आल्या पावली परत गेले.

इस्पितळातल्याच एका तरुण डॉक्टरला नेटाने विचारलं होतं, यावर औषध कोण शोधतंय. तो बिचारा गडबडला. कुणीच नाही, म्हणाला. हे गोदीतल्या आणि कारखान्यातल्या माणसांचं दुखणं, यावर पैसे कोण लावणार.

मग बायकांनी लावले. नेटा, रीना आणि आणखी सहा-सात विधवा पत्र्याचे डबे घेऊन फुटबॉलच्या मैदानाच्या दारात उभ्या राहिल्या. चर्चच्या सभागृहात सूप करून विकलं. पहिला मोठा सूक्ष्मदर्शक त्या पैशातून आला आणि निधीत धुळीचा विभाग सुरू झाला तो त्या बायकांमुळे. त्या दिवसांत त्या क्रॉमीच्या फाटकासमोरही डबे घेऊन उभ्या राहिल्या होत्या, तर व्यवस्थापकाने माणूस पाठवून त्यांना फुटपाथवरून हाकललं. कारखान्याची शोभा जाते, म्हणे.

आणि आता प्रयोगशाळेच्या इमारतीवर त्याच क्रॉमीचं नाव. नेटाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक तिने पाहिले होते, पण लोणी खाऊन वर त्याच टाळूवर आपली पाटी ठोकणारे आजच पाहिले.

*

रीना खिडकीपाशी खुर्चीत होती. नाकाला प्राणवायूची नळी, मांडीवर मांजर, टीव्ही चालू, आवाज बंद. नेटाने कोटही न काढता सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज इतका चढला की मांजर उतरून पलंगाखाली गेलं.

रीना ऐकत राहिली. हल्ली ती वाक्य तोडून बोलायची, मध्ये श्वास घ्यावा लागे.

“किती खोल्या म्हणाली,” तिने विचारलं, “त्या इमारतीत?”

“अख्खा मजला. पण रीना, तू ऐकलंस का नाव काय देणार ते?”

“ऐकलं. बहिरी नाही झाले. श्वास गेलाय, कान आहेत.” ती थांबली. “घेऊ दे त्यांना पैसे.”

“काय?”

“घेऊ दे. आपल्याच छातीतनं काढलेले पैसे आहेत. परत येतायत तर येऊ दे.”

“आणि नाव? ज्याने वुलला मारलं, तुझ्या पॅटला मारलं, त्याच्या नावाखाली डॉक्टर इम्री तुला सुई टोचणार?”

“सैतानाच्या नावाखाली टोचू दे. मला चालेल.”

“तुला चालेल. मला नाही.”

“तुला कशाला चालायला पाहिजे?” रीना म्हणाली. आवाज मोठा नव्हता, तिला मोठा काढताच येत नव्हता. “तुझा नवरा मेला, नेटा. मी मरतेय. यात फरक आहे.”

नेटा खुर्चीच्या कडेवर टेकली.

“मला दोन नातवंडं आहेत. धाकटीचे दात पडायचेत अजून. या हिवाळ्यात चाचणी झाली तर... पुढच्या उन्हाळ्यात मी असेन कदाचित. आणि तू तुझा ताठा सांभाळत बसलीयस. चाळीस वर्षं तेच. दोरीवर माझे कपडे थोडे तुझ्या बाजूला गेले तरी तुझं तोंड वाकडं.”

“कपड्यांचा काय संबंध इथे?”

“नाही संबंध. आठवलं म्हणून म्हटलं.”

नेटा तशीच निघाली. जिन्यात उभी राहून तिने कठडा धरला. रीनाचा राग आला होता, आणि रीनाचं खरं होतं याचा त्याहून जास्त आला होता. मरणाऱ्या मैत्रिणीपुढे आपला संताप म्हणजे श्रीमंताघरची चैन वाटायला लागली होती, आणि ती चैन सोडवतही नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी ती बसने ग्लासगोला गेली. डॉक्टर इम्रींना ती ते विद्यार्थी असल्यापासून ओळखत होती. त्यांच्या पहिल्या शिष्यवृत्तीचे पैसे डनकॅरीच्या सूपविक्रीतून गेले होते आणि ते इम्री स्वतःच सगळ्यांना सांगायचे. आता केस पांढरे झाले होते, अंगावर तसाच खांद्याला उसवलेला स्वेटर.

प्रयोगशाळेच्या लांब बोळातून जाताना नेटा थबकली. भिंतीवर बायकांचा फोटो असायचा, मैदानाच्या दारात डबे घेऊन उभ्या असलेल्या. खाली लिहिलेलं असे: क्रॉमी कारखान्यातील कामगारांच्या विधवा, या विभागाच्या संस्थापक. तिथे आता भिंतीवर फिकट चौकोन होता आणि दोन खिळे.

“रंग देणार आहात का?” तिने विचारलं.

इम्रींनी तिला आत नेलं, दार लावलं, खुर्चीवरची पुस्तकं उचलून तिला बसवलं. मग बराच वेळ चष्मा पुसला.

“मिसेस गॅलब्रेथ, रंग देणार नाही. तिथला फोटो उतरवायला सांगितलाय. नव्या इमारतीतही तो लावायचा नाही.”

“कुणी सांगितलं?”

“वरून. देणगीच्या अटी आहेत. नावाची पाटी ही एक. दुसरी अशी की निधीच्या कोणत्याही कार्यक्रमात, पत्रकात, भाषणात या आजाराशी कंपनीचं नाव जोडायचं नाही. ‘औद्योगिक कारणं’ म्हणायचं. मीसुद्धा. शाळेतल्या मुलांशी बोलताना सुद्धा.”

नाव लावणं हा निर्लज्जपणा होता. पण हे वेगळंच होतं. एक नाव भिंतीवर चढवायचं आणि तेच नाव तोंडातून पुसायचं, दोन्ही एकाच पैशात.

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी अजून काही म्हटलेलं नाही.”

“का?”

“कारण माझ्याकडे वाट बघणारी माणसं आहेत. तुमच्या मैत्रिणीसारखी. पैसे नसले तर चाचणी थांबत नाही, पण लांबते. त्यांच्यासाठी लांबणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.” ते खाली बघत म्हणाले. “रोज सकाळी ठरवतो की आज बोलायचं. मग रुग्णांची फाइल उघडतो आणि बोलत नाही.”

“तुम्हाला आम्ही शिकवलं, डॉक्टर. सूप विकून शिकवलं.”

“माहीत आहे.”

“ते मूग गिळून बसायला नाही शिकवलं.”

इम्रींचे कान लाल झाले. नेटाला त्यांची दया आली, पण ती तिने दाखवली नाही.

*

“मी मुद्दाम आलेय असं समजू नकोस,” रीनाच्या दारात ती म्हणाली. “चहाला स्कोन केले होते, उरले.”

“ये. तुझे स्कोन उरतातच.”

नेटाने सांगितलं. या वेळी आवाज न चढवता. फोटोचं, अटीचं, ‘औद्योगिक कारणां’चं. रीनाने स्कोनला हात लावला नाही.

“आमचा फोटो भिंतीवरनं उतरवला?”

“खिळे आहेत.”

“त्यात माझा चांगला कोट होता. हिरवा.” ती बराच वेळ श्वास घेत राहिली. “म्हणजे मी मेले की कशाने मेले... ते सांगायचं नाही.”

“नाही.”

“हवा बाधली, मेली.”

“तसंच काहीतरी.”

रीनाने नळी नाकाशी नीट बसवली. तिच्या गालावर दोन लाल ठिपके आले होते. नेटाला ती पूर्वीची, कपडे झटकणारी रीना दिसली.

“हे बघ. पैसे मी अजूनही घ्या म्हणते. त्यात मी मागे हटणार नाही. पण औषधाचे पैसे घ्यायचे. तोंडाचे नाही. माझं तोंड मी विकायला काढलेलं नाही.” दोन श्वास. “तू फीत कापायला हो म्हण.”

“रीना, मी त्या माणसाशेजारी कात्री घेऊन उभी राहिले तर माझा भरवसा नाही.”

“हो म्हण. आणि मला घेऊन चल.”

*

उद्घाटनाला डनकॅरीहून दुकानातल्या सगळ्या बायका भाड्याची बस करून गेल्या. रीना चाकाच्या खुर्चीत, मागे प्राणवायूचा सिलिंडर, अंगावर हिरवा कोट. जुना कधीच गेला होता, हा दुकानातूनच घेतलेला.

नवी इमारत सुरेख होती हे नेटाला मान्य करावं लागलं. दारावर पाटी निळ्या कापडाखाली झाकलेली. आत पाच-पन्नास खुर्च्या, नगरपालिकेची माणसं, वर्तमानपत्रवाले, निधीचे अध्यक्ष. नातू क्रॉमी पस्तिशीचा असेल. नीट भांग, नम्र आवाज, सगळ्यांशी वाकून बोलत होता. नेटाने त्याच्याकडे बघून चीड गोळा करायचा प्रयत्न केला, पण तो इतका पोरगेला होता की तिला जमेना. मग तो बोलायला उभा राहिला आणि ते सोपं झालं.

डनकॅरी आणि आमचं कुटुंब यांचं नातं पिढ्यांचं आहे, तो म्हणाला. आजोबांना कामगार म्हणजे घरची माणसं वाटायची. औद्योगिक कारणांनी होणाऱ्या या दुर्दैवी आजारात गावाच्या पाठीशी उभं राहता येतंय, हा आमचा सन्मान आहे.

दुकानातल्या बायकांच्या रांगेतून एक आवाज आला, घशातला, शब्द नसलेला.

अध्यक्षांनी नेटाला बोलावलं. अ‍ॅलिसनने तिच्या हातात कात्री दिली. नेटाने कात्री घेतली आणि शेजारच्या टेबलावर ठेवून दिली.

“फीत कापायच्या आधी माझ्या मैत्रिणीला दोन शब्द बोलायचेत,” ती म्हणाली. “तिला वेळ लागतो. तेवढं थांबा.”

तिने रीनाची खुर्ची पुढे ढकलत आणली. अध्यक्ष अर्धवट उठले, पण नाकात नळी घातलेल्या बाईला गप्प बस कोण म्हणणार, ते बसले.

“मी रीना मॅग्लोन,” रीना म्हणाली. मग श्वास घेतला. सगळं सभागृह तिच्या श्वासासाठी थांबलं. “मी तुमच्या कारखान्यात... कधी काम केलं नाही. माझा पॅट करायचा. मी त्याचे कपडे धुवायचे.”

नातू क्रॉमी आदराने मान हलवत होता.

“तुमची धूळ... एकवीस वर्षं मी धुतली. अंगणात. त्याचा मला पगार नव्हता.” श्वास. “पॅट त्या धुळीने गेला. हिचा वुल गेला. आता मी चाललेय. कारण विचाराल तर... क्रॉमीची धूळ. औद्योगिक कारण हे माझ्या ओळखीचं नाही. क्रॉमी ओळखीचा आहे.”

मागे कुणाच्या तरी हातातली बशी वाजली. रीना थांबली, डोळे मिटले, आणि लोकांना वाटलं झालं. अध्यक्ष टाळ्यांसाठी हात उचलणार तोच ती पुन्हा बोलायला लागली.

“पैसे द्या. ते तुम्ही द्यायलाच पाहिजेत. देणगी म्हणू नका फक्त. मी इथे सुई टोचून घ्यायला येईन... जमलं तर. पण माझ्या डॉक्टरने माझ्या आजाराचं नाव घ्यायचं नाही... हे मी ऐकून घेणार नाही. एवढंच.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नातू क्रॉमीचा चेहरा पांढरा पडला होता. तो हळू म्हणाला, “मॅडम, माझा जन्मही झाला नव्हता.”

“हो ना,” रीना म्हणाली. “आणि आजोबांचं नाव मात्र तुला लावायचंय.”

मग इम्री उठले. शेवटच्या रांगेतून, उसवलेल्या स्वेटरवर कोट चढवून आले होते. पुढे आले नाहीत, जागेवरूनच बोलले. अटी काय होत्या त्या त्यांनी एकामागून एक सांगितल्या, चढउतार नसलेल्या आवाजात, वर्गात सांगावं तशा. वर्तमानपत्रवाले लिहीत होते. अ‍ॅलिसन भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून नेटाला कळलं की तोंडाची अट तिलाही कुणी सांगितलेली नव्हती.

फीत त्या दिवशी कापली गेली नाही.

*

त्यापुढे जे झालं ते नेटाला जिंकल्यासारखं कधी वाटलं नाही.

क्रॉमींनी वातावरण निवळेपर्यंत चाचणीचे उरलेले पैसे थांबवले. निधीच्या विश्वस्तांनी इम्रींना समज दिली आणि नेटाकडे दुकानाची किल्ली मागितली. कार्यक्रमाचा भंग केला, म्हणाले. किल्ली न्यायला अ‍ॅलिसन आली, केकशिवाय.

“मी त्यांना सांगितलं की मी जाणार नाही,” ती म्हणाली. “मग वाटलं, दुसरं कुणी येण्यापेक्षा मी बरी.”

नेटाने किल्ली दिली. संध्याकाळपर्यंत उरलेल्या सगळ्या बायकांनी आपापल्या किल्ल्या पोस्टाच्या खिडकीत नेऊन ठेवल्या आणि दुकानाला कुलूप लागलं. कपड्यांच्या पिशव्या दारात साचत गेल्या, पावसात भिजल्या. गावातल्या काही लोकांनी नेटाला रस्त्यात तोंडावर सांगितलं की तुझ्या ताठ्यापायी औषध लांबलं. एकाचा भाऊ इम्रींच्या यादीत होता. तिने ऐकून घेतलं, घरी येऊन भांडी घासली, स्वच्छ होती तीही.

वर्तमानपत्रांनी प्रकरण सोडलं नाही. शेवटी क्रॉमींना पैसे न देणं देण्यापेक्षा महाग पडायला लागलं. पाटी नाही, अट नाही, गाजावाजा नाही, असे पैसे आले. इमारतीचं नाव नुसतं प्रयोगशाळा राहिलं. बायकांचा फोटो बोळात परत लागला. दुकानाची किल्ली नेटाला पाकिटातून पोस्टाने आली, बरोबर एक ओळही नव्हती. क्षमा मागितली नाही कुणीच, ना क्रॉमींनी, ना निधीने.

पण हे होईपर्यंत हिवाळा संपला होता, आणि रीना फेब्रुवारीत गेली.

तिच्या मातीनंतर चर्चच्या सभागृहात जेवण होतं. मांस भरून भाजलेली पाई, बटाटे, चहाच्या मोठ्या किटल्या. इम्री आले होते. रीनाच्या पोरांशी बोलले, मग थाळी हातात धरून नेटापाशी येऊन उभे राहिले. खात नव्हते.

“एक विचारते,” नेटा म्हणाली. “पैसे तेव्हाच घेतले असते, गप्प राहून. चाचणी डिसेंबरात सुरू झाली असती. ती असती का आज?”

“मला माहीत नाही,” इम्री म्हणाले.

आता ते सांत्वन करतील, काही फरक पडला नसता म्हणतील, असं तिला वाटलं, आणि तसं ते म्हणाले असते तर तिने त्यांना तिथेच झापलं असतं.

“खरंच माहीत नाही,” ते म्हणाले. “औषध चालतं की नाही तेच अजून कळलेलं नाही. चाललं असतं, तिला मानवलं असतं, तर काही महिने. कदाचित. मी रोज हाच हिशोब करतो.”

“मीही.”

“तिने मला जानेवारीत बोलावलं होतं. म्हणाली, नेटा स्वतःला दोष देत बसेल, तिला सांगा की बोलायला मी गेले होते, तिने फक्त खुर्ची ढकलली.”

नेटाला जे वाटलं तो राग होता की दुसरं काही, हे तिला सांगता आलं नसतं. रीनावर होता, इम्रींवर होता, त्या नीट भांगाच्या पोरावर होता, आणि ज्याने चोपन्न वर्षांच्या माणसाला चार दिवस पाइपबद्दल विचारलं त्या वकिलावर तर अजून तसाच होता, ताजा.

“तिला काय कळतंय,” ती म्हणाली. “ढकलायला जड होती ती.”

पलीकडे रीनाची धाकटी नात टेबलाखाली शिरून बसली होती, बाहेर यायला तयार नव्हती. तिची आई खाली वाकून समजावत होती, रडत होती. नेटाने इम्रींच्या हातातली थाळी काढून घेतली, तीत आणखी एक बटाटा घातला आणि परत दिली.

“खा,” ती म्हणाली, आणि कोटाची बटणं सोडत त्या टेबलाकडे गेली.